काठावर बसणारी

लाँड्रीवालीला सगळी गल्ली वहिनी म्हणायची. मुळात ती वहिनी होती एकाच बाईची, तिच्या धाकट्या नणंदेची. ज्याच्यामुळे हे नातं जुळलं तो नवरा दुसरीचा हात धरून कधीच निघून गेला होता. पण नणंद काही त्याच्याबरोबर गेली नाही. "तो गेला म्हणून मी का जाऊ? माझं काय भांडण झालंय?" म्हणाली, आणि लाँड्रीच्या वरच्या खोलीत राहिली ती राहिलीच. खाली वहिनी इस्त्री करायची, नणंद बटणं लावायची आणि गिऱ्हाइकांशी बोलायची. बोलण्याचं खातं पूर्णपणे तिच्याकडे होतं. वहिनीने दिवसभरात उच्चारलेली वाक्यं एका रुमालात बांधता आली असती.

सुट्टीच्या दिवशी दोघी नदीवर जायच्या, झिंगे धरायला. हे झिंगे म्हणजे बाजारात वाट्याने मिळतात ते कोवळे नव्हेत. नदीच्या तळाशी, दगडाखालच्या बिळात राहणारी ही मंडळी. अंगावर कडक कवच, पुढे खेकड्यासारख्या दोन नांग्या आणि स्वभाव अतिशय तिरसट. एका बिळात एकच, दुसरा आला की मारामारी. वहिनी बुडी मारायची आणि नणंद काठावर बादली घेऊन बसायची. वहिनीचं डोकं पाण्याबाहेर आलं की तिने विचारायचं, "आहेस का?" वहिनीने म्हणायचं, "आहे." मग मागच्या बुडीपाशी तुटलेली गोष्ट नणंद तिथूनच पुढे सुरू करायची, जणू मधे कुणी पाण्याखाली गेलंच नव्हतं.

आणि घरी आल्यावर एक नियम होता: जी बुडते ती सोलत नाही. दगडांनी आणि नांग्यांनी वहिनीची बोटं चिरलेली असत, त्यात मीठ-लिंबू गेलं की आग आग होई. म्हणून उकडलेले झिंगे नणंद सोलायची आणि वहिनी खायची. हे कुणी ठरवलं नव्हतं, अंगवळणी पडून गेलं होतं.

मग नवऱ्याला झटका आला. डावी बाजू गेली, वाचाही अर्धीमुर्धीच उरली. ती दुसरी त्याआधीच कंटाळून निघून गेली होती. भावाला बघायला दुसरं कुणी नाही म्हटल्यावर नणंद पिशवी भरून निघाली. "चार दिवसांत येते," म्हणाली. आपल्याकडे चार दिवस म्हणजे किती, हे ज्याचं त्यानेच ओळखायचं असतं. बटणांचा डबा फळीवर तसाच पडून होता, आणि गिऱ्हाइकं शर्ट टाकून मुकाट्याने निघून जात होती. वहिनीला वाटायचं, आपल्याला गडबड आवडत नाही. आता घर खायला उठलं तेव्हा कळलं की गडबड आवडत नव्हती ती फक्त दुसऱ्यांची.

त्या सुट्टीला ती एकटीच नदीवर गेली. एकटीने बुडी मारायची नाही हे पोहायला शिकलेल्या पोरालाही ठाऊक असतं. पण वहिनीने मनाशी ठरवलं होतं, झिंगे धरायचे, शिजवायचे, भांडं घेऊन त्या घरी जायचं आणि नणंदेला सरळ सांगायचं, पुरे झालं, परत चल. रिकाम्या हाताने तिला हे बोलता आलं नसतं. बोलायचीच सवय नाही, निदान हातात भांडं तरी हवं.

पाणी स्वच्छ होतं. ती नेहमीसारखी प्रवाहाकडे तोंड करून तळाशी गेली, दगड एका बाजूने हळूच उचलला आणि गाळ वाहून जाऊ दिला. झिंगा घाबरला की मागे पळतो, पुढे नाही. म्हणून एक हात समोर हलवून भीती घालायची आणि दुसरा मागे धरून वाट बघायची, की तो आपण होऊन मुठीत येतो. पहिले सगळे असेच आले. शेवटचा मात्र मोठ्या चपट्या दगडाखाली दडून होता. तिने कोपरापर्यंत हात घातला, दगड कलला आणि सदऱ्याची बाही खाली अडकली. तिने ओढली, निघाली नाही. पुन्हा ओढली. छातीत जाळ उठला, कानात ठोके पडू लागले. तिने पाय दगडाला लावून सगळ्या अंगाचा हिसका दिला, तेव्हा बाही फाटली आणि मनगटाचं सालटं निघालं.

वर येऊन तिने खोकत खोकत श्वास घेतला आणि "आहे," म्हणाली.

काठावर बादली होती. तिच्यात झिंगे एकमेकांच्या उरावर बसायची धडपड करत होते. वहिनी उथळ पाण्यात बसली आणि रडली. तिला मरणाची भीती वाटली होती, पण रडू त्याचं नव्हतं. आपण अडकलो होतो, हे ऐकायला कुणी नव्हतं, त्याचं होतं.

घरी तिने झिंगे दोनदा पाणी बदलून धुतले. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळायला लागल्यावर मीठ आणि ठेचलेला लसूण टाकला, आणि एकेक झिंगा पाठीवर धरून आत सोडला. काळपट अंगं बघता बघता लालभडक झाली, शेपट्या आत वळल्या. लिंबू पिळून तिने भांडं इस्त्रीच्या जाड फडक्यात गुंडाळलं, आणि गार व्हायच्या आत नवऱ्याच्या इमारतीची लिफ्ट गाठली.

दार नणंदेने उघडलं. "अगं बाई, वहिनी! ये ये. दादा, बघ कोण आलंय. केस ओले घेऊन फिरतेस? बस इथे, इथे नको, ते औषध सांडलंय." वाक्यं तीच होती, पण दम लागत होता. ती वाळली होती. खाटेवर तो होता. वहिनीने त्याच्यासाठी बरीच वाक्यं जपून ठेवली होती, सगळी धारदार. त्याने तिच्याकडे बघितलं, उजवा हात थोडा उचलला आणि तोंडाच्या कडेने लाळ आली. नणंदेने ती सवयीने पुसली. एवढ्या वर्षांचा राग वहिनीने पदराआड लपवल्यासारखा लपवला. अशा माणसावर तो काढायचा तरी कसा?

नणंदेने झिंगे सोलायला घेतले. बारीक तुकडे करून एकेक त्याच्या तोंडात भरवत होती, तो गिळेपर्यंत थांबत होती. मग एक सोललेला तिने वहिनीपुढे ठेवला. तिच्या स्वतःच्या ताटलीत नुसती टरफलं साठत होती. वहिनी बघत राहिली. लाँड्रीच्या वरच्या खोलीत असंच चालायचं आणि तिने कधी मान वर करून बघितलं नव्हतं.

तिने एक झिंगा उचलला आणि स्वतः सोलला. बोटांची आग मस्तकात गेली. सोललेला गर तिने नणंदेच्या ताटलीत ठेवला.

"हे काय गं?"

"खा आधी."

नणंदेने खाल्ला. चघळताना थांबली. "गरम असताना असे लागतात होय?" ती म्हणाली आणि हसली.

वहिनीने दुसरा सोलायला घेतला, कारण वर बघायची सोय राहिली नव्हती. "परत चल" हे शब्द ओठांवर होते. एवढ्यात नणंदेचंच लक्ष तिच्या मनगटाकडे गेलं.

"हे कसं झालं? काठावर कोण होतं?"

वहिनीने हात मागे घेतला.

"खरं सांग. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून माझा जीव टांगणीला लागलेला असतो. एकटी जात असशील तर तसं सांग. मी येत जाईन, दादाला आत ठेवून बाहेरून कडी लावून. करू काहीतरी." ती खाटेकडे बघत होती. तो पण तिच्याकडे बघत होता, आणि त्याला सगळं समजत होतं.

हेच तर ऐकायला वहिनी आली होती. नुसतं "एकटीच होते" म्हटलं असतं तरी काम झालं असतं.

"कोपऱ्यावरची बेकरीवाली येते," ती म्हणाली.

"ती? ती तर पाण्याला घाबरते."

"काठावर बसायला कशाला घाबरायचंय?"

"बोलते का गं ती?"

"तुझ्यापुढे मुकीच."

नणंदेने मोठा श्वास सोडला. "बरं झालं बाई. मोठा घोर गेला." मग भावाच्या हनुवटीवरचं लिंबू पुसलं आणि पुढचा तुकडा भरवला.

निघताना रिकामं भांडं घेऊन वहिनी लिफ्टशी उभी राहिली. नणंद दारात आली, मागे वळून खाटेकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.

"वहिनी, तो काठावरचा दगड फार गार असतो. माझी कंबर कायमची धरली ती तिथेच. तुला कधी बोलले नाही. बेकरीवालीला बसायला एखादी उशी देत जा."

लिफ्ट आली. वहिनीने आत पाऊल टाकलं.

"देते," ती म्हणाली.