फक्कीच्या दहा रेघा

मित्रांनो, माझ्या दातांत अजून फक्की अडकली आहे. मैदानावर आखणीसाठी चुन्याची पांढरी पूड टाकतात ना, तीच. चार वर्षं झाली तरी तिची चव जात नाही, आणि ज्यांनी ती तिथे भरली त्यांची आठवण झाली की मला आजही शिसारी येते. तेव्हा माझ्याकडून गोडगोड गोष्टीची अपेक्षा ठेवू नका.

मी एक जुना लोखंडी खरारा आहे. घोड्याच्या अंगावरचा वाळला चिखल, मेलेले केस आणि कोंडा खरवडून काढायचा, हे माझं काम. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात एका लोहाराच्या पालावर मी घडलो. तिथे पडल्यापडल्या मी काय पाहिलं असेल? एका म्हाताऱ्या घोडीचा जबडा चार जणांनी उचकटला, दात पाहिले, थुंकले आणि वरातीत नाचवायला म्हणून तिला ओढत घेऊन गेले. तिच्या पाठीवर माश्या बसलेल्या होत्या. बाजार म्हणजे काय हे मला पहिल्याच दिवशी कळलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिथून मला थॉमस साळवे सरांनी विकत घेतलं. सर फौजेतून निवृत्त झालेले दफेदार. आपल्या नगर जिल्ह्यातल्याच एका विद्यापीठात ते मुलांना घोड्यावर बसायला शिकवत. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर लगेच खुलासा करायला येतील. पागेत अकरा घोडे होते. त्यांतल्या शेवंता नावाच्या तांबड्या घोडीसाठी माझी नेमणूक झाली.

सरांचा एक नियम होता. जो घोड्यावर बसेल त्यानेच त्याचा खरारा करायचा. मोतद्दार मच्छिंद्रने दाणावैरण बघायची, लीद काढायची, पण विद्यार्थ्याच्या घोड्याला हात लावायचा नाही. अंग घासताना मी मळानं भरलो की मला घोड्यासमोरच्या शहाबादी फरशीवर ठोकायचं. ठोकलं की दातांतला मळ खाली पडून त्याची एक रेघ उमटते. अशा दहा रेघा झाल्या म्हणजे घोडा स्वच्छ झाला. सकाळी साडेसहाला सर दारातून आत येत, हात मागे बांधून फरशी बघत बघत जात आणि दहा रेघा दिसल्या की मान हलवत.

सुरुवातीची वर्षं खरंच चांगली गेली. माझ्या अंगाला घोड्याच्या घामाचा वास लागला, आणि खोटं कशाला बोलू, मला तो आवडायचा. मी मानेवरून फिरलो की शेवंता डोळे मिटायची. दिल्लीहून आलेल्या एका पाहुण्याने रेघा बघून सरांची पाठ थोपटली होती. त्या दिवशी मीही फुशारलो.

मग आला तुषार. सावेडीचा मुलगा, दिसायला देखणा, बसायला पटाईत, संघाचा कप्तान. पहाटे उठायचं मात्र त्याच्या जिवावर यायचं. सहा वाजून वीस मिनिटांनी तो डोळे चोळत यायचा. एकदा उशीर झाला, तेव्हा त्याची नजर कोपऱ्यातल्या फक्कीच्या पोत्याकडे गेली. त्याने मला पोत्यात बुडवलं आणि फरशीवर ठोकलं. सुबक पांढरी रेघ. पुन्हा बुडवलं, पुन्हा ठोकलं. दोन मिनिटांत दहा. शेवंताच्या अंगाला त्याने बोटसुद्धा लावलं नाही. आदल्या दिवशी ती चिखलात लोळली होती, त्या वाळल्या चिखलावरच त्याने जाड घोंगडी टाकली आणि वर खोगीर आवळलं.

सर आले, फरशीवरच्या रेघा फक्त मोजल्या, म्हणाले, "शाब्बास कप्तान."

मित्रांनो, त्या क्षणी मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण मला दात आहेत, जीभ नाही.

दुसऱ्या आठवड्यात सगळ्या पागेला ही युक्ती कळली. घोडे बांधायच्या अकरा ठाणांपैकी दहांपुढे लख्ख पांढऱ्या रेघा. फक्त एक मुलगी खरारा करायची, केडगावची जयमाला. तिच्या रेघा मळकट, केसाळ, आणि जेमतेम सहा-सात. सर तिला म्हणायचे, "जयमाला, तुझा हात कमी पडतो बाळ. तुषारकडे बघ जरा." ती खाली मान घालून "हो सर" म्हणायची. मच्छिंद्र लीद भरता भरता सगळं बघत होता. एकदा शेवंताला पाणी दाखवताना पुटपुटला, "मला दिसतंय गं बाई. पन सरांनी हात लावू न्हाई म्हनलंय. माजं कोन ऐकतंय?" आणि बादली घेऊन गेला. त्याचाही मला रागच आला.

त्या चिखलाने काय केलं असेल? खोगिराखाली तो रोज घासत राहिला, आणि महिन्याभरात शेवंताची पाठ लागली. आधी केस गेले, मग कातडी गेली, मग पू धरला. वरून घोंगडी होती, ती कोण उचलतंय? दुखलं की जनावर उसळणारच. तिने तुषारला दोनदा पाडलं. तिसऱ्यांदा पाडलं ते स्नेहसंमेलनाच्या दिवशी, पाहुण्यांच्या पुढ्यात, थेट कुंड्यांमध्ये.

"घोडी खुनशी आहे सर," कपडे झटकत तुषार म्हणाला.

विद्यापीठाची समिती बसली. सरांना विचारलं, निगा नीट राखली जाते का? सरांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "रोज दहा रेघा असतात. मी स्वतः बघतो. निगेत कसूर नाही, म्हणजे खोड घोडीतच आहे." झालं. शुक्रवारी शेवंताला घोडेगावच्या बाजारात न्यायचं ठरलं. ज्या बाजारातून मी आलो, त्याच बाजारात. तिथे तिचं काय होणार हे त्या पागेत मला एकट्याला माहीत होतं.

शुक्रवारी सकाळी टेम्पो दाराशी लागला. जयमाला सरांपुढे येऊन उभी राहिली.

"सर, मी हिला एकदा खरारा करू? जाताना तरी स्वच्छ जाऊ दे."

"कर. पण लवकर आवर."

तिने घोंगडी उचलली आणि नाकाला ओढणी लावली. वास माझ्यापर्यंतही आला. मग तिने ओल्या फडक्याने कडेचा चिखल भिजवला, आणि जखमेला लागू न देता मला हलक्या हाताने आजूबाजूने फिरवलं. शेवंता थरथरत होती, पण उभी राहिली. मग जयमालाने मला फरशीवर ठोकलं. पहिली रेघ पडली ती पांढरी, माझ्या दातांतली जुनी फक्की. दुसरी पडली ती काळपट, तांबड्या केसांची आणि रक्ताळलेल्या खपल्यांची.

सवयीप्रमाणे सरांची नजर फरशीवर गेली.

"ही कशाची रेघ?"

"सर, ही शेवंताची आहे. आधीच्या सगळ्या फक्कीच्या होत्या."

सरांनी मागे बांधलेले हात सोडले. मग ते फरशीवरच्या रेघा ओलांडून पहिल्यांदा घोडीजवळ गेले. तिच्या पाठीशी हात नेला, तशी तिने सगळं अंग चोरलं. सरांनी हाताचा वास घेतला. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

"त्याला परत पाठव मच्छिंद्र," सर म्हणाले. "जनावर माझ्यासमोर उभं होतं आणि मी जमीन बघत बसलो."

पुढचे दोन महिने जखम त्यांनी स्वतः धुतली. तुषारला घोड्यावरून उतरवून लीद काढायला लावलं. रेघा बंद केल्या. मला खिळ्याला टांगलं आणि बजावलं, "याला कुणी धुवायचं नाही. नव्या पोरांना हे दात दाखवायचे." शेवंता बरी झाली. पाठीवर मात्र पांढऱ्या केसांचा हातभर पट्टा आला.

इथे गोष्ट संपली असती तर मीही गोड झालो असतो. पण गेल्या वर्षी सर निवृत्त झाले, जयमाला शिकून गेली. नवे साहेब आले. पाहणीला मंडळी येणार म्हणून त्यांनी मच्छिंद्रला विचारलं, "इथे म्हणे दहा रेघांची परंपरा होती?"

"व्हय साहेब, पन सरांनी बंद केली."

"चांगली परंपरा बंद कशाला करायची?"

दुसऱ्या दिवशी पेंटर आला. शेवंताच्या ठाणापुढे त्याने ऑइल पेंटने दहा रेघा काढल्या. आता त्या कधीच पुसल्या जात नाहीत, आणि खरारा झाला का हे कुणी विचारत नाही. पाहुणे त्यांच्याजवळ उभे राहून फोटो काढतात. मी खिळ्यावरून बघतो, आणि माझ्या दातांतली फक्की मला पुन्हा कडू लागते.

चार दिवस झाले, मच्छिंद्र शेवंताला पाणी पाजताना मान वर करत नाही.

म्हणून मित्रांनो, एकच मागणं आहे. सहलीला म्हणून कधी इकडे आलात तर त्या रेघा मोजत बसू नका. त्यांवर खुशाल पाय द्या, पुढे या आणि कुणा मोठ्या माणसाला सोबत घेऊन शेवंताच्या पाठीवर, घोंगडीच्या खाली, हात ठेवा. तिने अंग चोरलं तर मच्छिंद्रला सांगू नका, त्याला ते ठाऊक असतं. साहेबांना हाताला धरून तिथे आणा आणि त्यांचा हात तिथे ठेवा.

आणि जमलं तर जाताना मला धुवा.