तेविसावी चिठ्ठी

मित्रांनो, मी पत्र्याचा एक जुना डबा आहे आणि आधीच सांगून टाकतो, माझ्या हातून एक मोठा अपराध घडला आहे. डब्याला कुठले आले हात, असं म्हणाल. पण अपराध करायला हात लागतातच असं नाही.

दिल्लीत पहाडगंजच्या एका दुकानातून प्रभाताईंनी मला चकल्यांसाठी आणलं. वीस दिवाळ्या मी इमानाने काढल्या. झाकण इतकं घट्ट, की पावसाळ्यातही आतलं काही सादळत नसे. लोक कौतुक करायचे आणि मी फुगायचो.

प्रभाताई शाळेतून निवृत्त झालेल्या. पक्षाच्या सभांना त्यांनी वर्षानुवर्षं सतरंज्या घातल्या, चहा केला, अधिवेशनाला मात्र दरवेळी दुसरंच कुणी गेलं. यंदा त्यांनी ठरवलं, प्रतिनिधी म्हणून आपणच जायचं आणि नोकरी करणाऱ्या बायकांसाठी पाळणाघरांचा ठराव मांडायचा. शाखेत मतदार तेवीस. नोएडा, रोहिणी, गाझियाबाद, सगळीकडे त्या मेट्रोने फिरल्या. बरोबर मी आणि माझ्या पोटात बेसनाचे लाडू.

समोर उभा होता उन्मेष, अण्णासाहेबांचा सख्खा भाचा. अण्णासाहेब म्हणजे शाखेतले सगळ्यांत वडीलधारे, लक्ष्मीबाई नगरात मुलाकडे राहतात. त्यांना कमी दिसतं, म्हणून प्रभाताई दर रविवारी जाऊन पेपर वाचून दाखवत. ते म्हणाले, "भाचा असला म्हणून काय झालं? माझं मत तुलाच, प्रभा."

मतदानाच्या आदल्या दिवशी कळलं, शाखेची मतपेटी उंदरांनी कुरतडली आहे. मग झाकणाला फट पाडून मलाच पेटी केलं. उन्मेष हसून म्हणाला, "अच्छा, लाडवांचा डबा? म्हणजे मतंही गोडच पडणार, बिल्कुल." ते प्रभाताईंना लागलं. सकाळी उठून त्यांनी कणकेची खळ केली आणि लाडवांचं तूप झाकायला मला आतून कोरा कागद चिकटवला. घाईत खळ ओलीच राहिली.

अण्णासाहेब सगळ्यांत शेवटी आले. बोटांनी फट चाचपत त्यांनी चिठ्ठी ढकलली, ती एका बाजूच्या सुटलेल्या कागदामागे घसरली आणि खळीला चिकटून बसली. मला सगळं कळत होतं. एरवी नुसता धक्का लागला तरी केवढा खणखणतो मी. त्या दिवशी मात्र शाखेचे सचिव चैतन्य यांनी मला उलटा करून थोपटलं, "चलो, रिकामा," म्हणाले आणि मी ती चिठ्ठी पोटात धरून राहिलो.

चिठ्ठ्या भरल्या बावीस. अकरा-अकरा. कुणीतरी कुजबुजलं, "अण्णासाहेबांनी खिशातच ठेवली असणार. भाच्याला कसं दुखावतील?" ईश्वरचिठ्ठी काढली, तर उन्मेषचं नाव आलं.

त्या संध्याकाळी अण्णासाहेबांचा फोन आला. "मी टाकली होती गं."

"असू दे, अण्णासाहेब," म्हणून प्रभाताईंनी फोन ठेवला. त्यानंतर एकाही रविवारी त्या गेल्या नाहीत. अधिवेशन झालं, पाळणाघरांचं नाव कुणी काढलं नाही. मी फळीवर बसून मनातल्या मनात मेल्याहून मेला होत होतो.

दिवाळी आली तेव्हा प्रभाताईंनी मला गरम पाण्यात भिजवलं. कागद सुटला आणि चिठ्ठी वर आली. बॉलपेनची वाकडीतिकडी अक्षरं, 'प्रभा'. त्या मोरीतच खाली बसल्या. मग मला तसाच ओला पिशवीत घालून लक्ष्मीबाई नगरला निघाल्या.

अण्णासाहेबांनी चिठ्ठी हातात घेतली, डोळ्यांजवळ धरली आणि परत दिली. म्हणाले, "बरं झालं सापडली. सापडली नसती, तर आली असतीस का गं?"

प्रभाताईंनी टेबलावरचा पेपर उचलला, पण पहिली ओळही त्यांच्याने वाचवेना.

मित्रांनो, डबा रिकामा झाला म्हणण्याआधी आत हात घालून जरूर बघा. पण आपल्या माणसाचा शब्द खरा की खोटा, हे विचारायला माझ्यासारख्या पत्र्याच्या डब्याकडे येऊ नका.