डोकी धुणारा माणूस आणि मी

मी केस कापायची एक जुनी हातमशीन आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी मला पाहिलेही नसेल. मला वायर नाही, बटण नाही. दोन दांडे, एक स्प्रिंग आणि बारीक दातांच्या दोन पट्ट्या, एवढाच माझा संसार.

कारखान्यातून निघाले ती थेट एका केशकर्तनालयात आले. तिथे थोरल्या मालकांनी मला वीस वर्षे चालवले. त्यांच्यामागे त्यांचा मुलगा मालक झाला. त्याने विजेवर चालणारी मशीन आणली आणि माझी रवानगी खणात झाली. वाईट वाटले नाही, असे मी म्हणणार नाही.

पुढचे सारे मला दुकानातल्या गप्पांतून, खणाच्या फटीतून ऐकू आले. एका रविवारी मालकांच्या चर्चमध्ये एक सिस्टर आल्या होत्या. परदेशातल्या एका गरीब वस्तीत त्या मुलांचा दवाखाना चालवत. तिथे डॉक्टर हवेत, शिक्षक हवेत, असे त्यांनी सांगितले. सगळे पांगल्यावर मालक त्यांच्यापुढे जाऊन म्हणाले, "सिस्टर, मला फक्त केस कापता येतात."

सिस्टर म्हणाल्या, "आमच्या निम्म्या मुलांच्या डोक्यात फोड आहेत. औषध लावायला आधी केस काढावे लागतात, डोकं धुवावं लागतं. ते कोण करणार?"

घरी मालकीणबाई हसल्या. "विमानात बसायची हौस आली वाटतं."

मालक म्हणाले, "प्रभूने शिष्यांचे पाय धुतले. मला डोकी धुवायला कसली लाज?"  दुसऱ्या दिवशी बाईंनीच माझा खण उघडला. "तिकडे वीज येते-जाते म्हणालात ना? मग ही न्या."

मी पार गंजले होते. मालकांनी मला रॉकेलमध्ये भिजवले, दात घासले आणि पहिला प्रयोग मेहुण्यावर केला. मला डोक्यावरून उचलायचे ते माझे दांडे दाबता दाबताच. दाबणे थांबवून उचलले तर केस ओढले जातात. मालक ते विसरले होते.

मेहुणा कळवळून म्हणाला, "दाजी, कापताय की उपटताय?"

तयारी सुरू झाली. मला उकळत्या पाण्यात टाकून स्वच्छ कसे करायचे, हे मालक शिकले. तिकडच्या भाषेतले शब्द कागदावर लिहून त्यांनी आरशाला चिकटवले आणि काम करता करता ते मोठ्याने घोकू लागले. तोंडाला साबण लावलेल्या गिऱ्हाइकाला पळताही येत नसे. बिचारा मुकाट्याने ऐकत राही. "हळूच करतो", "दुखलं तर सांग", अशी वाक्ये महिनाभरात साऱ्या गिऱ्हाइकांना पाठ झाली.

मालकांना न्यायचे की नाही, हे मात्र सिस्टर इथल्याच निराधार मुलांच्या आश्रमात त्यांचे काम पाहून ठरवणार होत्या. तिथे एक सहा वर्षांची मुलगी होती. डोके फोडांनी भरलेले, पण ती केसांना हात लावू देईना. मालकांना घाई झाली. त्यांनी तिची मान धरून खाली केली. ती ओरडली नाही. डोळे घट्ट मिटून नुसती थरथरत राहिली.

सिस्टर म्हणाल्या, "आज राहू दे. तुमचा हात चांगला आहे, पण तुम्ही तिला विचारलंच नाही."

संध्याकाळी मालक मला पुसत बसले. "तिला जराही लागलं नव्हतं," ते बाईंना म्हणाले, "तरी ती मला घाबरली." मग मान खाली घालून त्यांनी प्रार्थना केली, "देवा, हात दिलास. आता धीर दे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला त्या मुलीच्या हातात दिले आणि स्वतः जमिनीवर तिच्यासमोर बसले. "आधी तू माझे काप."

तिने दोन्ही हातांनी मला धरले. मी आयुष्यात इतकी वाकडी कधी चालले नव्हते. मालकांच्या डोक्यात कपाळापासून कानापर्यंत एक पांढरा पट्टा उमटला. ती तो पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "आता माझे कापा. पण सावकाश."

एका डोक्याला दीड तास लागला. दर दोन फेऱ्यांनंतर मालक थांबत आणि विचारत, "कापू का?"

रविवारी ते तसेच पट्ट्यासकट चर्चमध्ये गेले. बाई म्हणाल्या, "निदान टोपी तरी घाला." त्यांनी घातली नाही. पाळकसाहेबांनी चकित होऊन विचारले, "हे कुणी केलं?" मालकांऐवजी सिस्टरच बोलल्या, "आश्रमातल्या त्यांच्या छोट्या परीक्षकाने. पास झालेत ते."

आज मी त्या दूरच्या दवाखान्यात आहे. सकाळी दारात मुलांची रांग लागते. माझे दोन दात तुटले आहेत आणि मालकांची भाषा अजून मोडकीतोडकीच आहे. पण ज्यांचे डोके आम्ही साफ केले, त्यांच्यातली काही मुले चार महिन्यांनी पुन्हा खुर्चीवर येऊन बसतात. फोड गेलेले असतात, केस दाट वाढून डोळ्यांवर आलेले असतात. त्या दिवशी मालक गुणगुणत काम करतात.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू टाकून देण्याआधी त्यांना एकदा तेल देऊन पाहा. आणि कुणाच्या मदतीला जाल तेव्हा घाईने त्याची मान धरू नका. आधी त्याच्याइतके खाली बसा, आणि त्याला विचारा.