चादरीखालून ऐकलेल्या नसीम बाजी

नसीम बाजींचा आवाज म्हटला की मला पांढऱ्या चादरीतून झिरपणारा पिवळा उजेड आठवतो. आवाजाने उजेड का आठवावा, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे साधं उत्तर आहे. तो आवाज मी खऱ्या अर्थानं ऐकला तेव्हा मी मेलेला होतो, आणि माझ्या तोंडावर चादर होती.

आमची शाळा घनसावंगीच्या अलीकडे, उसाच्या फडांच्या मधोमध. थंडीत संमेलन होतं, पोरांचे नाच आटोपतात आणि मग शिक्षकांचं नाटक. गाव त्यासाठी सतरंज्या घेऊन येतं. त्या वर्षी आमच्या देशमुख सरांनी एक जुनी परदेशी शोकांतिका इथल्या बोलीत बसवली. राजाचे जिवलगच राजाला भर सभेत मारतात. मारणारा पुढे येऊन लोकांना पटवतो, की हे तुमच्याच भल्यासाठी केलं. मग राजाच्या बाजूचं एक माणूस प्रेतापाशी बोलतं, आणि तीच सभा पार उलटी फिरते. राजा मी होतो, कारण मला निपचित पडून राहता येतं, असं सगळ्यांचं मत. मारणारे स्वतः देशमुख सर, ज्यांचा आवाज माईकशिवाय वेशीपर्यंत पोचतो. आणि प्रेतापाशी बोलणारी, राजाची मानलेली बहीण, हे काम नसीम बाजींनी स्वतःहून मागून घेतलं होतं.

बाजी, म्हणजे उर्दूत थोरली बहीण, पहिलीचा वर्ग सांभाळायच्या. ठेंगण्याशा, फिकट साडीचा पदर डोक्यावर, बोटांना कायम खडूची भुकटी. हिवाळ्यातल्या सकाळी त्या वर्ग व्हरांड्यात आणत आणि कोवळं ऊन सरकेल तशी पोरांची रांगही सरकवत नेत. पोरांचा कल्ला वाढला की आपण आवाज चढवतो, बाजी उतरवायच्या. इतका, की त्या काय म्हणतात ते ऐकायला पोरांना गप्प बसावंच लागे. गावातल्या अर्ध्या लोकांना अक्षरओळख त्या उतरत्या आवाजानंच झाली होती.

तालमीत मात्र तोच आवाज सरांना खुपायला लागला. "बाजी, जरा जोर लावा. मागच्या माणसाला ऐकू गेलं पायजे." बाजी हसल्या. "माझ्यानं जोर न्हाई लागत, सर. जुनी मशीन हाय."

त्या दिवशी चहा पिताना त्यांनी मला मनातलं सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यात त्या निवृत्त होणार होत्या. "घरी आम्ही उर्दू बोलतो, भाईर मराठी. पण गावात मी बोलायला लागले, की लोक मान डोलवतात. बाजी हायत, बोलू द्या. ऐकून घेतात सर, ऐकत न्हाईत. एकदा तरी माझ्या बोलण्यानं ही माणसं हालली पायजेत. मंग मी खुशीत घरी जाईन." हे सांगताना त्या कपात बघत होत्या. मला फार वाईट वाटलं, कारण मान डोलवणाऱ्यांत मीही होतोच.

प्रयोगाच्या दिवशी सगळं छान जमत गेलं. मला रीतसर मारलं, चादर घातली. सभेतली माणसं म्हणून वेगळे नट घेतलेले नव्हते. समोर बसलेलं गाव हीच सभा, ही देशमुख सरांची कल्पना. सर असे बोलले, की चादरीखाली मलासुद्धा वाटलं, आपण मेलो ते बरंच झालं. शेवटी त्यांनी विचारलं, "मी केलं ते बराबर केलं का न्हाई?"

आणि घोटाळा झाला. आमच्या गावाला सभा म्हणजे ग्रामसभा माहीत. कुणी असं विचारलं की हात वर करायचे, 'मंजूर' म्हणायचं आणि उठायचं. गावानं तेच केलं. "मंजूर, मंजूर" अशी एकच आरोळी उठली आणि मागोमाग चपला शोधण्याचा, सतरंज्या झटकण्याचा, पोरांना हाका मारण्याचा आवाज. कुणीतरी मोटारसायकल सुरू केली. मी प्रेत असल्यामुळे मला काहीच करता येईना. बाजी अजून बोलल्याच नव्हत्या, आणि त्यांचं गाव निघालं होतं.

त्यातच रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गाणी वाजवत आला. बाजी थांबल्या. तो पार वळणाआड जाईपर्यंत थांबल्या. मग माझ्या पायाशी बसल्या, सरकलेली चादर ओढून माझी पावलं झाकली. घरातल्या माणसाची झाकावीत तशी. आणि वर्गातल्याच आवाजात म्हणाल्या,

"निघालात? मंजूर झालं, मला कबूल हाय. पण माती व्हायचीये अजून. मातीला आलेलं माणूस माती दिल्याबिगर घरी जातंय का कधी आपल्यात?"

आमच्याकडे अंत्ययात्रेला मातीच म्हणतात. मूठभर माती टाकल्याशिवाय तिथून पाय काढायचा नाही, ही रीत आमच्या घरात आहे आणि बाजींच्याही. मोटारसायकल बंद झाली. एक सतरंजी पुन्हा पसरल्याचा आवाज आला, मग दुसरीचा. दमानं सगळं गाव खाली बसलं.

पुढचं त्यांनी लिहिलेलं काहीच म्हटलं नाही. "हा तुमच्या लग्नाला आल्ता," त्या एकेकाकडे वळून बोलत असाव्यात. "तुमच्या पोरीचं नाव यानंच ठेवलंतं. आज याच्या पायावर चादर घालायला माणूस न्हाई." मारणाऱ्यांना त्यांनी एका शब्दानं दुखावलं नाही. मागच्या माणसाला ऐकू जावं म्हणून पुढचे श्वास धरून बसले होते. पुढच्या रांगेतले आमच्या गावचे आसारामबापू जड आवाजात म्हणाले, "देशमुख सर, हे तुम्ही चांगलं न्हाई केलं." चादरीखाली माझ्या डोळ्यातलं पाणी कानात उतरत होतं. माझी छाती हलतेय हे बाजींना कळलं असावं. त्या गावाच्या आणि माझ्या मध्ये सरकून बसल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेत येताना जीपवाल्यानं देशमुख सरांना पुढची जागा दिली नाही. "मागं बसा सर, रात्री तुम्ही लई वाईट केलं." हे सर स्वतःच हसत हसत सांगत फिरले.

बाजी आता हैदराबादला लेकीकडे असतात. मागच्या महिन्यात गावात एक खरीच माती होती. ऊन तापलेलं, लोक आधीच जीपकडे वळायला लागलेले. तेवढ्यात म्हातारे आसारामबापू हलक्या आवाजात म्हणाले, "थांबा जरा. माती व्हायचीये अजून." तीच लय, तोच उतार. बाजीच बोलल्या असं वाटून मी मागे वळून पाहिलं. बाजी नव्हत्या, लोक मात्र थांबले होते.

संध्याकाळी मी बाजींना फोन करून हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "ऐकलं म्हणा की, सर." त्यांचं हसू मला स्वच्छ ऐकू आलं, आणि मला फार समाधान वाटलं.

काळ माणसांना एकेक करून सभेतून उठवून नेतो; एखादा हलका आवाज तेवढा मागे राहतो, आणि त्याच्यासाठी उरलेले आपण पुन्हा खाली बसतो.