घोंगडं उचललं तो दिवस

मी एक जुनं घोंगडं आहे, मित्रांनो. काळ्या मेंढीच्या लोकरीचं. इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याला म्हाळसाआजीनं माझं सूत कातलं. रविवारचा उपास धरायची, देवाचं नाव घ्यायची आणि सूत ओढायची. विणून झाल्यावर मला चिंचोक्याची खळ दिली, तेव्हा कुठे माझ्या अंगात ताठा आला. पुढे घरातली मेंढरं गेली, शेती आली. पण घरची बैठक माझ्यावरच बसायची. पायताण बाहेर काढायचं, लहानथोर सगळ्यांनी खाली बसायचं आणि बोलणं मिटल्याशिवाय घोंगडं उचलायचं नाही, अशी त्या घराची रीत.

आजीची नात राजेश्वरी बारामतीला कॉलेजात गेली, तेव्हा तिनं वळकटीत मलाही नेलं. साल चौऱ्याण्णव असेल. ती शिकत होती दुग्धव्यवसाय. पण तो शिकवायचा सगळा फळ्यावर, गाय फक्त पुस्तकात. पोरं कंटाळून सोडून जात होती. शेवटी विद्यापीठानं कळवलं, यंदा नवा अभ्यासक्रम करून आणा, नाहीतर विषय बंद. विषय बंद झाला तर राजेश्वरीला परत घरी जावं लागणार होतं. "बारामतीच्या पुढं धाडणार न्हाय," असं तिच्या वडिलांनी आधीच सांगितलं होतं.

विभागप्रमुख सर्जेराव सरांनी मग एक निराळी गोष्ट केली. अभ्यासक्रम ठरवायला पोरांनाही बोलावलं. पण खुर्च्या सरांपुरत्याच होत्या. पोरं भिंतीला टेकून उभी. राजेश्वरी गेली, वसतिगृहातून मला घेऊन आली आणि खोलीच्या मधोमध अंथरलं.

"सर, खाली बसू या का? उभ्यानं काय सुचत न्हाय."

सरांनी बूट काढले. मोज्याला भोक होतं, त्यातून अंगठा डोकावला. पणदऱ्याचा मानसिंग फिसकन हसला.

"हसून घे," सर म्हणाले, "पण आपल्या मसुद्यात असं भोक राहिलं, तर मग मी हसेन."

त्यानंतर मात्र बोलणं तापलं. मानसिंग म्हणाला, "निम्मे मार्क गोठ्यातल्या कामाला द्या. आमी घरी तेच करतोय की."

"परीक्षा तुझ्या गोठ्यात, गाय तुझी. मग मार्क कोण देणार, गाय?" सर म्हणाले.

मानसिंगचं तोंड उतरलं. तो उठला. "मग आमाला बोलवलं कशाला?"

"बस खाली," राजेश्वरी हळूच म्हणाली. "बोलणं मिटलं न्हाय. आमच्यात तवर घोंगडं उचलत न्हाईत."

तो बसला नाही, निघून गेला. पण मला कुणी उचललं नाही. शिपाई माझ्या कडेकडेनं झाडून काढायचा, सर मला वळसा घालून कपाटाकडे जायचे. मी तसंच अंथरलेलं, मनात देवाचा धावा करत.

एका सकाळी मानसिंग आला. दारात चप्पल काढली आणि माझ्यावर येऊन बसला. सरही येऊन शेजारी बसले.

"तुझं खरं आहे रे," सर म्हणाले. "गोठ्याशिवाय हा विषय कोरडाच. पण मार्काची अडचण सोडवायची कशी?"

"सर, मी वरकुट्याच्या गोठ्यात परीक्षा देतो, राजेश्वरीनं आमच्या गोठ्यात द्यावी. परक्या गाईपुढं कुणाची शेखी चालत न्हाय. मार्क तुमी द्या."

"आणि दुधातली फॅट मोजायचा पेपर?"

"तो असू द्या की. त्यात आमी कच्चेच हाय, शिकाय पायजे."

सर पोटभर हसले. मग सगळे रोज माझ्यावर बसू लागले. सरांनी लिहिलेलं पोरं खोडत, पोरांनी लिहिलेलं सर. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळापुढे मसुदा मांडायला सरांबरोबर राजेश्वरीही पुण्याला गेली. पहिल्या पानावर सरांच्या नावाच्या ओळीतच पोरांची नावं होती.

मंजुरीचा फोन आला, तेव्हा सगळे विभागातच होते. सर एवढंच म्हणाले, "राजेश्वरी, आता उचल घोंगडं."

मला अंगणात नेलं. दोन कोपरे सरांच्या हातात, दोन पोरांच्या. असं झटकलं, असं झटकलं, की साठलेली सगळी धूळ उन्हात सोन्यासारखी उडाली. मानसिंगला शिंकांवर शिंका, आणि सरांच्या पायात बूट घालायचं भानही नाही. इतका मान मला कधी मिळाला नव्हता, मित्रांनो.

आता माझा मुक्काम विभागाच्या कपाटात असतो. एक कोपरा कसरीनं खाल्लाय, म्हणून दर वर्षीची पोरं घड्यांत कडुलिंबाचा पाला घालतात. अभ्यासक्रम तपासायची वेळ आली की मला बाहेर काढतात आणि दारात चपला-बुटांची एकच रांग लागते. तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणी असेल, तर त्याला ऊन दाखवा, पाला घाला. आणि अंथरलंत, तर बोलणं अर्धं टाकून घडी घालू नका. तेवढी माझी विनंती.