डावीकडची जागा

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून दादा काचा घासायचा. पुढे काउंटरवर कॅशिअर बाई आणि डोळे तपासणारे डॉक्टर एका गायिकेच्या नव्या अल्बमवरून आठवडाभर हमरीतुमरीवर येत होते.

"हिच्या पियानोचा डावा अर्धा भाग उंदरांनी खाल्लाय का?" बाई म्हणायच्या. "नुसती बारीक किणकिण. आणि प्रत्येक गाण्याआधी केवढी ती शांतता! मला वाटलं, माझा फोनच गेला."

"अहो, ती रिकामी जागा हेच तर गाणं आहे," डॉक्टर म्हणायचे. "तुम्हाला नाही कळायचं."

"बरंय की. झोप तरी छान लागते."

गाणी लिहिणारी, गाणारी आणि पियानो वाजवणारी ती बाई दादाची सख्खी धाकटी बहीण आहे, हे दोघांनाही माहीत नव्हतं. दादाने तोंडाला कुलूप लावलं होतं. सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेलाच होता, मग काय म्हणते ती? ती काय म्हणते हे दादाला तरी कुठे ठाऊक होतं. कित्येक वर्षं दोघांत शब्द नव्हता.

संध्याकाळी घरी ताट मांडलं की तो फोन समोर उभा करून लोकांची मतं वाचायचा. कुणी तिला डोक्यावर घेतलं होतं, कुणी पार धुऊन काढलं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. नावं ठेवणाऱ्यांचा त्याला राग यायचाच, पण वाहवा करणाऱ्यांचा जास्त यायचा. यांना काय माहीत, असं तो भिंतीला म्हणायचा. दुसरं होतंच कोण घरात.

लहानपणी शिकवणीचा तास एकच आणि पोरं दोन. म्हणून शिक्षिकेने दोघांना एकाच बाकावर बसवलं. डावीकडे दादा, त्याच्याकडे जाड सूर. उजवीकडे धाकटी, तिच्याकडे बारीक. अख्खा पियानो दोघांपैकी एकालाही कधी आला नाही. पुढे तिचा पहिला मोठा कार्यक्रम ठरला, तेव्हा ती त्याला सोबत वाजवायला बोलवायला आली होती. "एका बाकावर दोन घोडे बसलेले पाहून लोक हसतील," दादा म्हणाला होता. ती एकटीच गेली, आणि मग परत आली नाही.

आता तिने डावी बाजू मोकळी ठेवली होती. हा टोमणा होता की बोलावणं, एवढंच त्याला कळायला हवं होतं. लाख लोकांच्या मतांत ते कुठेच नव्हतं.

शेवटी त्याने कॅशिअर बाईंकडे विषय काढला. त्यांच्या मुलीने हौसेने घेतलेला कीबोर्ड घरी पडून होता.

"न्या की. आम्ही त्यावर कपडे वाळत घालतो," बाई म्हणाल्या. "पण या वयात हे काय खूळ?"

दादा हसला आणि संध्याकाळी जाऊन कीबोर्ड घेऊन आला.

सुट्टीच्या दुपारी त्याने कीबोर्ड टेबलावर ठेवला आणि सवयीने खुर्ची डावीकडे सरकवली. पहिलं गाणं लावलं. ती शांतता सुरू झाली आणि त्याची ताठरलेली बोटं आपणहून खाली गेली. लहानपणी घरी सुरुवात नेहमी तोच करायचा, जाड सुरांची एक ठरलेली ओळ वाजवून. त्याची ओळ संपली की धाकटी शिरायची, त्याच्या आधी कधीच नाही. आज त्याची ओळ संपली आणि बरोबर तिथेच तिचा पहिला सूर आला. दुसऱ्या गाण्यात तेच. तिसऱ्यातही. ती प्रत्येक गाण्याआधी त्याच्यासाठी थांबली होती. दादाला रडू फुटलं आणि त्याने डोळे पुसले नाहीत.

मग त्याने फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर तो उचलला गेला. दादाला अल्बमबद्दल काहीतरी चांगलं बोलायचं होतं, पण वाचलेल्या मतांपैकी एकही त्या वेळी कामाला येईना. त्याने फोन कीबोर्डशेजारी ठेवला आणि आपली ओळ वाजवायला घेतली. एक बोट घसरलं. ते सावरायला तो घाई करू लागला.

"हळू, दादा," फोनमधून आवाज आला. "अजून पळतोसच."