वाटेतली तीन मिनिटे

"फाटकावरचं घड्याळ तीन मिनिटं मागे आहे, मास्तर. बाकीची एकोणचाळीस घड्याळं सेकंदाला चोख," तंत्रज्ञ बाई शिडीवरून म्हणाल्या.

शिडी खालून काटेमास्तरांनी धरली होती. कारखान्यातल्या घड्याळांना किल्ली देण्यात त्यांची सव्वीस वर्षे गेली होती. आता नवी घड्याळे तारेतून दूरच्या मुख्य घड्याळाला परस्पर वेळ विचारणार होती.

"उत्तर यायला उशीर झाला तर?"

"जायला-यायला किती लागले ते मोजतात आणि त्याचं निम्मं उत्तरात मिळवतात. वाटेत गेलेला वेळ धरावाच लागतो. तेव्हा कुठे जगभरची यंत्रं एका ठोक्याला चालतात."

मास्तरांना हसू आले. त्यांनी तरी वेगळे काय केले होते? पहिली बस सातला थांबे. थांब्यापासून फाटक तीन मिनिटांवर, आणि फाटक मिटे तेही सातलाच. अकरा वर्षांपूर्वी, रोजच्या उशिरापायी स्वतःची नोकरी जायची वेळ आली तेव्हा, त्यांचा मेव्हणाच गयावया करीत आला होता: "दाजी, तेवढं एक घड्याळ जरा दमानं चालू द्या ना."

तो मेव्हणा आता मुकादम झाला होता आणि मोटारसायकलवरून येत होता. दुपारी साहेबांच्या खोलीत घड्याळाची चौकशी निघाली, तेव्हा त्याने सरळ कानांवर हात ठेवले.

"मला काय ठाऊक, साहेब? दाजींची नजर गेलीय. वय झालं आता."

"तसं असेल तर प्रश्नच मिटला," साहेब म्हणाले. "दोन महिन्यांनी मानाने निवृत्त व्हा. मुद्दाम केलं असेल, तर मात्र आजच घरी."

मास्तरांनी मेव्हण्याकडे पाहिले. तो बुटांची टोके न्याहाळीत होता. खोटे बोलला, त्याचे एक वेळ चालले असते. पण ज्या नजरेने सव्वीस वर्षे सेकंद चुकवला नाही, ती नजरच त्याने मोडीत काढली होती.

"नजर शाबूत आहे, साहेब. घड्याळ मीच मागे ठेवलं होतं."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"माझ्याच."

दुसऱ्या दिवशी किल्ल्यांचा जुडगा परत करायला मास्तर पहिल्या बसने आले. फाटक मिटले होते. बसमधली माणसे गजांपाशी खोळंबली होती. आत मेव्हणा नव्या घड्याळाखाली उभा होता.

"दाजी," तो खालच्या आवाजात म्हणाला, "सात वाजून तीन मिनिटं झाली."

मास्तरांनी मनगट डोळ्यांजवळ न नेता पाहिले.

"बरोबर आहे," ते म्हणाले, आणि जुडगा त्यांनी गजांमधून आत दिला.